गावानं हागणदारी हलवली तेव्हा

हागणदारी हा शब्द चारचौघांत काढायचा नसतो, असं माझ्या आईनं मला शिकवलं आणि पुढं सरकारनं मला नोकरीभर त्याच शब्दाचा पगार दिला. मी नर्स. टेबलामागं बसून नाडी बघणारी नव्हे, उपकेंद्राची, पायी फिरणारी नर्स. कळमनुरी तालुक्यात, जिथून माणसं डोंगरकड्याच्या बाजाराला जातात, अशा एका गावात मी राहिले. ते गाव, आजूबाजूच्या दोन वाड्या आणि ओढ्याच्या काठचा एक तांडा, एवढा मुलूख माझ्याकडं होता. लोकांना वाटतं नर्स म्हणजे सुई. सुई टोचायला कितीसा वेळ लागतो? माझा सगळा दिवस जायचा तो लोक कुठं बसतात, कुठलं पाणी पितात आणि हात कशानं धुतात हे बघत फिरण्यात. माणूस आजारी पडून माझ्या दारात यायच्या आधीच मला त्याच्या दारात जायचं असायचं.

ह्या कामात किळस येऊन चालत नाही, असं आम्हाला ट्रेनिंगला सांगायचे. साफ खोटं आहे ते. किळस यायलाच पाहिजे, नाहीतर माणूस नाल्यातून पाय ओढत जातो आणि त्याला काही वाटत नाही. मला तर भरपूर आली. पण खरं सांगते, घाणीची आली त्याच्या दुपटीनं माणसांची आली. घाण आपली पडल्या जागी पडलेली असते. तिला उचलून दुसऱ्याच्या दारात नेणारा माणूसच असतो, आणि तो वर धुतलेली टोपी घालून हार घ्यायला उभा राहतो.

मी तिथं रुजू झाले तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, हिंगोली वेगळी व्हायला अजून वेळ होता. खांद्याला लसीचा डबा, डब्यात बर्फ, आणि बर्फ वितळायच्या आत सगळी घरं व्हायला पाहिजेत म्हणून पायाला भिंगरी. गावात लोक लेकरं घेऊन यायचे, कुरकुरत का होईना. तांड्यात मात्र मी दिसले की दारं लागायची. एका बाईनं तर लेकरू कणगीमागं लपवलं होतं. सुईनं पोरं आयुष्यभर लुळी होतात, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

तेव्हा एक म्हातारी पुढं आली. उंच, काटक, हातभर गोंदण, आरशाआरशांची काचोळी. विधवा होती. एक मुलगा, सून आणि नातवंडं असा तिचा संसार. ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ही सुई तुह्या लेकराला टोचली का?"

"टोचली की."

"मंग दाव."

मी पुढच्या वेळेस माझ्या पोरीला तांड्यात घेऊन गेले. म्हातारीनं तिच्या दंडावरची लसीची खूण बोटानं चाचपून पाहिली, पोरीला चार पावलं चालायला लावलं, पळायला लावलं. मग वळून तिनं त्यांच्या बोलीत असा काही आवाज टाकला की सगळी दारं उघडली. पहिला नंबर तिनं स्वतःच्या नातवाचा लावला. त्यानंतर तांड्यातलं एक लेकरू माझ्या हातून सुटलं नाही. सगळी तिला याडी म्हणायची, याडी म्हणजे आई. मीही म्हणायला लागले. ती मला "बाई, तू" म्हणायची, आणि मला ते फार बरं वाटायचं, कारण बाकीचं गाव मला "ओ सिस्टर" म्हणून हाका मारायचं.

याडी गेली ती कशी गेली, हे मला सांगायचं आहे.

हिंगोली जिल्हा झाला, त्यानंतर एक-दोन वर्षांत स्वच्छतेचं वारं आलं. जो गाव स्वच्छ त्याला बक्षीस. योजना वाईट नव्हती, उगाच नावं ठेवणार नाही. काही गावांनी खरंच जीव ओतून काम केलं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या गावानं फक्त बक्षीस मनावर घेतलं. आमची सरपंच बाई होती, पण ती चुलीपाशी, आणि सरपंचकी तिचा नवरा करायचा. सगळं गाव त्यालाच सरपंच म्हणायचं, म्हणून मीही म्हणते. मोठा शेतकरी, बोलायला गोड, आणि एकदा मनात आलं की कुणाचं ऐकेल तर शपथ.

घरोघरी संडास उभे राहिले. पत्र्याचं दार, त्यावर निळ्या रंगात गावाचं नाव. मी घरोघर फिरून आत डोकावले. एकात कांदे. एकात गोवऱ्या छतापर्यंत. एकात बकरी बांधलेली, तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच तिच्या घरात घुसले. कितीएक संडासांना तर खाली खड्डाच नव्हता, भांडं नुसतं मातीवर टेकवलेलं. मी एका माणसाला विचारलं, "दादा, हे जाणार कुठं?" तो म्हणाला, "जायचं काहून? समिती वरूनच पाहणार हाय." आणि हसला. मला त्याच्या दातांचीसुद्धा शिसारी आली.

म्हणजे गाव बसत होतं ते बाहेरच. आणि बाहेर म्हणजे गावात शिरायच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना, वर्षानुवर्षं. बसमधून उतरलं की नाकाला पदर लावूनच गावात यायचं, पाहुणे आले तरी तसंच. आता समिती त्याच रस्त्यानं येणार. मग ग्रामसभा बसली. सरपंच म्हणाला, उद्यापासून रस्त्याच्या कडेला कुणी बसायचं नाही. बसेल त्याचं नाव फळ्यावर.

मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग बसावं कुठं?"

"ओढ्याच्या वरल्या अंगाला जा. तिथं झाडी हाय, कुणाला दिसत न्हाई."

मी उठले. ग्रामसभेत बायांनी बोलायचं नसतं असं कुणी म्हणत नाही, पण बोललं की सगळे बघतात. मी म्हटलं, "सरपंच, वरल्या अंगाचं सगळं पाणी ओढ्यानं खाली तांड्याकडं जातं. तांड्याची विहीर ओढ्याच्या काठाला आहे. तिला कठडा नाही. एक पाऊस झाला की सगळं त्या विहिरीत. खड्डे खणा, पाहिजे तर मी उभी राहून खणून घेते, पण तिथं बसवू नका लोकांना."

तो गोड हसला. म्हणाला, "बाई, तिकडून समिती येत न्हाई."

आणि सभा हसली. त्यात शिकलेली माणसं होती. दोन मास्तर होते. सगळे हसले. मतदानाला तांडा गावात मोजायचा, ट्रॅक्टर भरून माणसं आणायची आणि घाण टाकायची वेळ आली की तांडा वेगळा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी पुढं आणखी दोन वेळा सरपंचाला आणि एकदा आमच्या डॉक्टरसाहेबांपुढं हात जोडून हे सांगितलं. डॉक्टरसाहेब म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचे मेडिकल ऑफिसर, तरुण पोरगा, मनानं वाईट नव्हता, पण वरून फोन आला की उभ्या उभ्या गार पडायचा. तो म्हणाला, "सिस्टर, समिती जाऊ द्या, मग बघू." त्या महिन्यात हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं की मला वीट आला.

दुसऱ्या दिवसापासून शिट्ट्या सुरू झाल्या. गावातल्या रिकामटेकड्या जवान पोरांचं पथक. पहाटे गळ्यात शिट्टी अडकवून रस्त्याच्या कडेला फिरायचं, कुणी बसलेलं दिसलं की शिट्टी फुंकायची. माणूस अर्ध्यात उठून पळायचा. बायांची तर कुचंबणा विचारू नका. लुगडं सावरत धावणारी बाई बघून ही पोरं फिदीफिदी हसायची, आणि ह्याला म्हणायचे लोकशिक्षण. गावातल्या बाया झक मारत ओढ्याच्या वर जायला लागल्या. तांड्यातल्या बाया आधी कुठं जायच्या? तांड्याच्या खालच्या बाजूला, रस्त्यापलीकडच्या पडीक जमिनीत, विहिरीपासून दूर. याडीनंच ती जागा ठरवून दिली होती. पण ती जागा रस्त्यावरून दिसायची, म्हणून तिथंही शिट्टी.

दसरा झाला. याडीचा मुलगा ऊसतोडीला निघून गेला, सून आणि नातवंडं घरी राहिली. आणि परतीचा पाऊस आला, दोन दिवस नुसता कोसळला. पाऊस उघडल्यावर मी ओढ्यावर जाऊन पाहिलं. वरलं अंग स्वच्छ धुऊन निघालं होतं. दगड कसे चकचकीत. मी तिथं उभी राहून खाली तांड्याकडं पाहिलं. ते सगळं कुठं गेलं हे मला कळत होतं.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी तांड्यातून निरोप आला. मी गेले तर तीन घरांत माणसं आडवी. जुलाब, तेही साधे नाहीत, तांदळाच्या धुवणासारखे, आणि उलट्या. चौथं घर याडीचं. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे आत गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. मी जलसंजीवनीचे पुडे उकळलेल्या पाण्यात कालवले. साखर-मिठाचं ते पाणी घोट घोट पाजत राहिलं की गॅस्ट्रोतला माणूस सहसा मरत नाही. एवढी साधी गोष्ट आहे. बाकीच्या तिघांनी पेला घेतला आणि प्यायला लागले. याडीनं ओठ मिटून घेतले.

"याडी, पी गं."

"न्हाई बाई. पेलं की पुन्ना जा लागतं."

"जावं लागलं तर लागू दे. आत पाणी राहिलं पाहिजे."

"कुठं जाऊ? पोट्टे शिट्ट्या वाजवून राहिले. सकाळी मी अर्ध्यातून उठून आली." ती माझ्याकडं बघत नव्हती. तिला ती गोष्ट सांगायचीसुद्धा लाज वाटत होती. "ह्या वयात मला पळा लागलं, बाई."

मी तिच्या घरातलंच एक जुनं घमेलं घेतलं, त्यात चुलीतली राख टाकली आणि तिच्या खाटेखाली सरकवलं. म्हटलं, इथंच बस, मी माझ्या हातानं उचलते, ह्यात काही लाज नाही. तिनं घमेल्याकडं पाहिलं, मग चुलीकडं, मग कोनाड्यातल्या देवांकडं. "घरात बसू? जनावरं बी गोठ्याच्या कडेला जातेत." मी समजावलं, रागावले, शेवटी तिच्या नातवाची शपथ घातली. तेव्हा कुठं तिनं अर्धा पेला घेतला. सुनेला मी सांगितलं, दर थोड्या वेळानं घोट घोट देत राहा, नाही म्हणाली तरी दे.

आता विहीर. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर, आमच्याकडं तिला टीसीएल म्हणतात, ती ग्रामपंचायतीत पोत्यांनी असायची. मी धावत ग्रामपंचायतीत गेले. शिपाई म्हणाला, संपली. अशी कशी संपली? त्यानं बाहेर बोट दाखवलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना, बसथांब्यापासून शाळेच्या मंडपापर्यंत, पांढऱ्याशुभ्र रेघा ओढलेल्या. समितीच्या गाड्यांना शोभा म्हणून. मी म्हटलं, "रेघा मारायला चुना मिळत नव्हता?" तो म्हणाला, "चुना इकत आणा लागतो बाई. हे सरकारी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तांड्यात जाऊन याडीच्या सुनेला आणि आणखी दोघींना घेतलं, एक खराटा, दोन घमेली घेतली आणि भर दिवसा, बसथांब्याकडून सुरुवात करून, ती रेघ आम्ही झाडून उचलायला लागलो. उघडी पडलेली पावडर मरते, तिचं बळ कमी होतं हे मला माहीत होतं, म्हणून जेवढी मिळेल तेवढी घेतली, मातीसकट. शाळेपर्यंत पोचायच्या आत सरपंच मोटरसायकलवर आला.

"काय लावलं हे, बाई?"

"तांड्यात गॅस्ट्रो आहे. विहिरीत टाकायला नेते."

तो मोटरसायकलवरून उतरला नाही. आवाज खाली आणून म्हणाला, "गॅस्ट्रो म्हणू नका. जुलाब म्हणा. उद्या सांजच्याला समिती गेली की मी सोता दोन पोती आणून देतो. आजचा दिवस कळ काढा."

"आजचा दिवस मी काढते. जुलाब थांबणार आहेत का तुमच्या समितीसाठी?"

त्यानं मागं बसलेल्या माणसाला सांगितलं, रेघ पुन्हा मारून घे. आणि ती त्यांनी पुन्हा मारली, बरं का. त्या रात्रीतून चुना आला. म्हणजे चुना मिळत होता.

आम्ही विहिरीत पावडर टाकली, बादलीत कालवून, निवळी वरून सोडून, जशी टाकतात तशी. थांबून पाणी काढलं, बाटलीत घेऊन तपासणीच्या द्रावाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, म्हणजे औषध लागू पडलं. त्या दिवसानंतर तांड्यात नवीन माणूस आजारी पडला नाही. जे आधी पडले होते तेवढेच. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. एवढं कमी लागतं, हे कळावं म्हणून सांगते.

याडी मात्र उतरत चालली होती. तिला सलाईनची गरज होती, म्हणजे कळमनुरीच्या दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं. त्यासाठी आरोग्य केंद्राची जीप पाहिजे. मी संध्याकाळी जाऊन डॉक्टरसाहेबांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. जीप समितीच्या ताफ्यात होती, आधीच हिंगोलीला गेलेली, सकाळी समितीला घेऊन येणार होती. "सिस्टर, उद्या गाडी गावातच येते आहे. आली की लगेच पेशंट टाका. मी सांगतो ड्रायव्हरला." भाड्याची जीपही नव्हती, गावात दोनच काळ्यापिवळ्या, त्याही समितीच्या माणसांसाठी अडकवून ठेवलेल्या. ट्रॅक्टर मागितला, तर सरपंचाच्या भावानं सांगितलं की धुऊन ठेवला आहे, मिरवणुकीला आहे.

सकाळी मी याडीकडं गेले. ती ओळखत होती, बोलत होती, पण आवाज बसलेला. पेला अर्धा भरलेला तसाच. घमेल्यातली राख कोरडी. "रात्री कुठं गेली होतीस?" मी विचारलं. सून म्हणाली, "भायेर. अंधारात गेली, ऐकत न्हाई." मी तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं, तिनं गिळलं, माझा हात धरून ठेवला. म्हणाली, "बाई, आज तुह्या कामाचा दिवस हाय ना? जा तू." मी म्हटलं, गाडी येईपर्यंत मी कुठं जात नाही.

आणि मग दोन माणसं तांड्यात आली. तांड्यातल्या बायांना न्यायला. समितीच्या स्वागताला लेंगी नाच पाहिजे होता. तांडा रस्त्यावरून दिसू नये म्हणून कनाती लावल्या होत्या, आणि तांड्याच्या बाया मात्र आरसे-कवड्यांच्या कपड्यांत मंडपापुढं नाचायला पाहिजे होत्या. याडीच्या सुनेनं नाही म्हटलं, सासू आजारी आहे म्हणाली. त्यांनी घरकुलाची आठवण करून दिली, यादीत नाव आहे ना तुमचं, म्हणून. ती गेली. जाताना तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मीच मान फिरवली.

गाड्यांचा आवाज आला तेव्हा मी याडीला म्हटलं, जीप घेऊन येते, उठू नकोस. शेजारच्या घरातली बाई स्वतःच आडवी होती, पण तिला दारातून लक्ष ठेवायला सांगितलं आणि गावात पळाले.

काय तो थाट. फेटे, हलगी, हार. समितीतले साहेब मोठी पावलं टाकत सरपंचाच्या वाटेनं चाललेले. सरपंचाच्या घरचा संडास पाहिला त्यांनी, पांढरी फरशी, नवी बादली, आणि खिडकीत नवा कोरा साबण, वेष्टनसुद्धा काढलेलं नव्हतं. एका साहेबानं मान डोलावली. मी ड्रायव्हरला शोधलं. त्याला निरोप मिळालाच नव्हता. डॉक्टरसाहेब म्हणाले, जेवणं होऊ द्या, आत्ता गाडी काढली तर विचारतील. मी म्हटलं, विचारू देत की. त्यांनी माझ्याकडं पाठ केली.

मग मी सरळ समितीच्या मोठ्या साहेबांपुढं जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, "साहेब, कनातीच्या मागं तांडा आहे. तिथं गॅस्ट्रोचे पेशंट आहेत. एक म्हातारी मरायला टेकली आहे. मला गाडी पाहिजे."

सरपंचानं मध्येच तोंड घातलं. "साहेब, बदलत्या हवेचं हाय. किरकोळ."

साहेबांनी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "नियंत्रणात आहे, सर." जमिनीकडं बघत म्हणाले.

"ठीक आहे, ठीक आहे," साहेब मला म्हणाले, "समारोपात तुमचाही मुद्दा घेऊ, सिस्टर." आणि पंगतीकडं वळले. शिरा-पुरीचा वास सुटला होता. त्या तुपाच्या वासानं मला जी मळमळ झाली ती तांड्यातल्या एका घरात झाली नव्हती.

ड्रायव्हर पंगतीत बसला होता, पुढ्यात नुकतंच वाढलेलं. मी जाऊन त्याच्यामागं उभी राहिले. त्यानं माझं तोंड पाहिलं, हातातला घास ताटात ठेवला आणि उठला. त्या गावात त्या दिवशी माणूस म्हणावा असा तो एक. आम्ही निघालो तेव्हा याडीच्या सुनेनं नाचातूनच आम्हाला पाहिलं आणि तशीच, कवड्या खळखळवत, जीपच्या मागं धावत सुटली. ड्रायव्हरनं थांबून तिला घेतलं.

पुढचं एक आत्ताच सांगून टाकते. गावाला बक्षीस मिळालं. तालुक्यात नंबर आला, सरपंचाचा फोटो ग्रामपंचायतीत लागला, डॉक्टरसाहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं. मलाही साडी-नारळ द्यायला बोलावलं, मी गेले नाही. म्हातारी वयानं गेली असं सरपंच सगळ्यांना सांगायचा. पुढं मी त्या गावात पुष्कळ वर्षं काढली. तांड्याच्या विहिरीला कठडा बांधून घेतला, वरल्या अंगाची घाण बंद पाडली, भांडून भांडून, लोक माझी सावली बघून वाट बदलायचे. पण सरपंचाच्या घरचा चहा मी कधी प्याले नाही. एकदा त्यानं हातात कप दिला तेव्हा मी तो तसाच ओट्यावर ठेवला, आणि का ते त्याला कळलं.

आम्ही तांड्यात पोचलो. खाट रिकामी. शेजारीण म्हणाली, मघाशीच तांब्या घेऊन गेली, मी हाका मारल्या. पडीक जमिनीच्या तोंडाशी शिट्टीवाली दोन पोरं समितीसाठी उभी केली होती. त्यांनी सांगितलं, म्हातारी इकडं आली होती, आमी तिला परत लावली, ती तिकडून शेतात गेली. त्यातल्या एकाच्या तोंडात शिट्टी तशीच होती.

पलीकडं तूर होती, डोक्याएवढी, फुलांवर आलेली. आम्ही तिघं आत शिरलो. लाउडस्पीकरवर आभारप्रदर्शन चालू होतं, शब्द न् शब्द ऐकू येत होता. बांधापासून थोड्या अंतरावर दोन ओळींच्या मध्ये मला मातीचा लहानसा ढीग दिसला. पुढं आणखी एक. मग आणखी. हातानं ओढलेली माती, बोटांच्या रेघा उठलेल्या. मी एक ढीग चप्पलेनं सरकवून पाहिला, माझं कामच ते. खाली तेच होतं, तांदळाच्या धुवणासारखं, मातीत जिरत आलेलं. ती प्रत्येक वेळेस बसली होती आणि प्रत्येक वेळेस तिनं ते झाकलं होतं. उभं राहायची ताकद नव्हती तिला, पुढंपुढं तर ती रांगत गेली होती, तुरीच्या बुडाशी ओढल्याच्या खुणा होत्या. एवढ्या मोठ्या गावात, हारतुऱ्यांच्या त्या दिवशी, आपली घाण मातीआड करणारी ती एकटीच.

ती ओळीच्या शेवटी कुशीवर पडली होती. अंग अजून गरम होतं. मी नाडी पाहिली, गळ्याशी पाहिली, पापणी उचलून पाहिली, आणि हात काढून घेतला. तांब्या उपडा पडला होता. तिच्या नखांत काळी माती भरली होती. शेवटच्या जागी माती अर्धीच ओढलेली होती.

ड्रायव्हर दोन पावलं मागं उभा होता. सून खाली बसली, आणि सासूला हात लावायच्या आधी तिनं राहिलेली माती दोन्ही हातांनी ओढून घेतली.